जुन्या सुपर्बचा पिकअप

गाडी स्कोडा सुपर्ब, १.८ टीएसआय, २०११ सालची, पेट्रोल, ऑटोमॅटिक. औरंगाबादजवळ शेंद्र्याच्या कारखान्यात जुळवलेली, शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर व्हायच्या कितीतरी आधी. नवी होती तेव्हा ती बिल्डर, डॉक्टर आणि नगरसेवकांच्या दारात दिसायची. आज ती नव्या छोट्या हॅचबॅकपेक्षा कमी पैशांत मिळते आणि माझ्या आतेभावासारख्या माणसाच्या हाती लागते. तो राहतो बदलापूरला कात्रपमध्ये, नोकरी ऐरोलीला. एरवी लोकल, पण अधूनमधून गाडी काढायची हौस. आता त्याला तिच्या इंजिनातून आणखी ताकद हवी आहे.

त्याचे मामा म्हणजे माझे वडील. अंबरनाथच्या मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरीत तपासणी विभागात त्यांची नोकरी झाली. एखादा भाग हातात आला की तो किती सहन करील हे आधी विचारायचं, चांगला-वाईट मागाहून. ही तिथली सवय घरीही आली. कानसईच्या आमच्या घरी या दोघांचा जो वाद रंगला तो इथे उतरवते आहे. माझं मत मधे मधे डोकावेलच.

भाचा: मामा, गाडी झकास आहे, पण पिकअप मेलाय. कागदावर १६० पीएस, आणि काटईच्या चढावर मागून एखादी डिझेल स्विफ्ट येते नि टाटा करून जाते. उल्हासनगरला एकाला दाखवली. तो म्हणाला, रीमॅप मारू. लॅपटॉप जोडायचा, ईसीयूमधली, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली, फाईल बदलायची, संध्याकाळपर्यंत गाडी २०० च्या घरात.

मामा: लॅपटॉप लावून ताकद येते, मग कंपनीने का नाही लावला?

भाचा: कंपनी हात राखून देते हो. एकच इंजिन दहा देशांत जातं. कुठे पेट्रोल हलकं, कुठे बर्फ, कुठे मालक तीन-तीन वर्षं ऑइल बदलत नाही. सगळीकडे वॉरंटी निभावली पाहिजे. म्हणून टर्बोचं प्रेशर थोडं दाबून ठेवतात, ठिणगी थोडी उशिरा पाडतात. ते जरा सैल सोडायचं, त्या हिशेबाने पेट्रोल वाढवायचं. युरोपात याच सुपर्बमध्ये याच घराण्यातलं २.० टीएसआय इंजिन २०० पीएसला विकलंय कंपनीनेच.

मामा: त्याच्यामागे गिअरबॉक्स कुठला होता?

भाचा: डीएसजीच, दोन क्लचवाला ऑटोमॅटिक. सहा गिअरचा.

मामा: आणि तुझा?

भाचा: सात गिअरचा.

मामा: म्हणजे एक गिअर जास्त, तेव्हा तुझा भारी असणार.

हे वडिलांचं खास बोलणं. उत्तर ठाऊक असतं तेव्हाच ते असा प्रश्न टाकतात. सहा गिअरच्या त्या पेटीतले क्लच तेलात बुडालेले असतात, आणि ती ३५० न्यूटन-मीटर टॉर्कसाठी केलेली आहे. सात गिअरच्या पेटीतले क्लच कोरडे, आणि तिची मर्यादा २५० न्यूटन-मीटर. आतेभावाच्या गाडीचं इंजिन टॉर्क देतं तोही २५० न्यूटन-मीटरच. कंपनीने जी पेटी लावली तिच्यात इंजिनाच्या पुढे काहीच शिल्लक ठेवलेलं नाही. याच जातीच्या डीएसजी पेट्यांच्या तक्रारींमुळे मार्च २०१३ मध्ये फोक्सवॅगनला चीनमध्ये पावणेचार लाखांहून जास्त गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. तेही कोणी फाईल न बदलता.

भाचा: पण मर्यादा म्हणजे काही भिंत नसते. २५० चे २५१ झाले की पेटी फुटली असं थोडंच आहे? तुमच्या फॅक्टरीतही सुरक्षेसाठी जास्तीची जागा ठेवतच होते ना?

मामा: ठेवत होते. नव्या भागासाठी. चौदा-पंधरा वर्षं वापरलेल्या भागात ती जागा किती उरलीय हे कोण सांगणार? तुझा उल्हासनगरवाला? पेटी उघडून क्लचची जाडी मोजली का त्याने?

भाचा: पेटी कोण उघडणार? चाळीस हजारांचं काम ते.

मामा: आणि गेली तर?

भाचा: …लाखाच्या वर.

मामा: मग जे मोजलं नाही त्याच्या भरवशावर तू लाखाचा माल टांगतोयस.

इथपर्यंत वडिलांची सरशी होती. पण त्यांनी पुढे कागद ओढला, पेन काढलं आणि हिशेब मांडला, आणि गंमत म्हणजे त्याच हिशेबाने भाच्याला वाट सापडली. हिशेब साधा आहे. टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ९५४९, की किलोवॅट. २५० गुणिले ४५०० भागिले ९५४९ म्हणजे ११७.८ किलोवॅट. त्याचे पीएस केले की बरोबर १६०. कंपनीच्या माहितीपत्रकातला आकडा कागदाच्या कोपऱ्यात असा उगवलेला पाहून आतेभाऊ गप्प झाला.

मामा: आता बघ. कात्रपहून निघालास, पाईपलाईन रोडला लागलास. पुढे टँकर, बाजूला रिक्षा, डाव्या हाताला खड्डा. इंजिन किती फिरतंय?

भाचा: दीड हजार. फार तर दोन.

मामा: दोन हजारांना २५० चा हिशेब कर.

भाचा: बावन्न किलोवॅट. सत्तरेक पीएस.

मामा: म्हणजे १६० पैकी निम्म्याहून कमी तू वापरतोस. उरलेली ताकद साडेचार हजारांपर्यंत गेल्यावर मिळते. तिथवर सुई गेलेली बदलापूर-अंबरनाथच्या रस्त्यावर शेवटची कधी पाहिलीस?

भाचा: म्हणूनच तर रीमॅप! तो दोन हजारांनाच ३२० न्यूटन-मीटर देतो. सत्तरचे नव्वद पीएस होतात, आणि जिथे हवे तिथेच. पायाखाली जोर लागतो तो हाच.

मामा: आणि पेटीवर पडतो तोही हाच.

सगळ्या वादाची गाठ माझ्या मते इथेच आहे. ड्रायव्हरला जो धक्का पाठीत जाणवतो, ज्याला आपण पिकअप म्हणतो, तो खालच्या आरपीएमवरचा टॉर्क. तोच क्लचच्या जिवावर उठतो. उलट टॉर्क २५० वरच बांधून ठेवला आणि तो साडेचार हजारांऐवजी साडेपाच हजारांपर्यंत टिकवला, तर त्याच सूत्राने १४४ किलोवॅट होतात, म्हणजे जवळजवळ १९६ पीएस, आणि पेटीची वेस ओलांडावी लागत नाही. छोटा टर्बो तिथे धापा टाकतो, एग्झॉस्टचं तापमान वाढतं, हे खरं. पण कागदावर मार्ग आहे. आतेभावाने तो लगेच पकडला आणि उल्हासनगरच्या माणसाला फोन लावला. तिकडचं उत्तर मोठं प्रामाणिक होतं. तसा मॅप बनवता येतो, पण तो कोणी मागत नाही. ट्रायल मारताना गिऱ्हाइकाला फरक कळत नाही, आणि फरक कळला नाही तर पैसे कशाचे, असं तो म्हणाला. म्हणजे जुन्या गाडीला जी ताकद सोसते ती या रस्त्यांवर वापरता येत नाही, आणि जी वापरता येते ती सोसत नाही. वडील हसले. आतेभाऊ मात्र हरलेला दिसत नव्हता.

भाचा: तुमच्या वेळची माणसंही हेच करत होती की. काँटेसाचं काय?

मामा: काँटेसाचं नाव काढलंस ते बरं केलंस. १९८४ ला गाडी आली. अंगाने केवढी थोरली, आणि आत अँबॅसिडरचं दीड लिटरचं इंजिन, पन्नासेक अश्वशक्तीचं. चढावर लोक खाली उतरून चालत जातील की काय असं वाटायचं. मग हिंदुस्तान मोटर्सने इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन घातलं, ८८ अश्वशक्ती. तेव्हा गाडीला तोंड दाखवायला जागा झाली.

भाचा: म्हणजे ताकद वाढवलीच!

मामा: वाढवली, पण सोबत पाच गिअरची नवी पेटीही दिली. प्रीमियरने कुर्ल्याला ११८ एनई काढली, फियाटच्या सांगाड्यात निस्सानचं इंजिन घातलं, तर गिअरबॉक्सही निस्सानचाच घेतला. जोर वाढला की तो वाहून नेणारं सगळं वाढवायचं. नुसतं डोकं बदलून पाय तेच ठेवायचे, हे तुमचं लॅपटॉपचं शास्त्र.

भाचा: आणि येझदी? आई सांगते, तुम्ही सायलेन्सरची जाळी काढून टाकली होतीत.

मामा: आवाज वाढला. वेग होता तेवढाच राहिला. तुझ्या आजोबांनी कान उपटले तो खर्च वेगळा.

तरुण माणसाची हौस ही चूक नाही, असं मला मनापासून वाटतं. दहा-बारा लाखांची नवी गाडी घेऊन सात वर्षं हप्ते भरण्यापेक्षा जुनी चांगली गाडी घ्यावी, तिचं बोनेट स्वतः उघडावं, आत काय चाललंय ते समजून घ्यावं, यात शहाणपण आहे आणि आनंदही. वडिलांना हा आनंद कळतो. फक्त ते तो मायक्रोमीटरच्या टोकाने घेतात. म्हणून पुढचा प्रश्न त्यांनीच विचारला, आणि माझ्या मते तोच खरा होता.

मामा: २०० चं राहू दे. आत्ता १६० आहेत का?

भाचा: म्हणजे?

मामा: गाडी शेंद्र्याहून निघाली तेव्हा १६० होते. आज किती? स्विफ्ट पुढे जाते म्हणतोस. १६० ची गाडी अशी मागे पडत नाही. वाढवायचं आहे ते आधी हरवलंय कुठे ते शोध.

आतेभावाने मग स्कॅनर आणला. भल्या पहाटे, रस्ता मोकळा असताना, इंजिन टर्बोकडे किती प्रेशर मागतंय आणि प्रत्यक्ष किती मिळतंय हे दोन्ही आकडे नोंदवले. मागणी वर जात होती, मिळणं मधेच अडकत होतं. अंबरनाथच्या एमआयडीसीजवळच्या गॅरेजात टर्बोवरचा डायव्हर्टर व्हॉल्व्ह काढला. आत बांगडीएवढा रबराचा पडदा असतो. एक्सलरेटर सोडला की दाबलेली हवा परत फिरवायची, दाबला की वाट बंद करायची, एवढंच त्याचं काम. वडिलांनी तो उजेडाकडे धरला. कडेला नखाएवढी चंद्रकोर फाटलेली होती. दाबलेली हवा इंजिनात जायच्या आधी तिथून मागे पळत होती. या इंजिनांचं हे जुनंच दुखणं आहे. कंपनीने पुढे पडद्याऐवजी पिस्टनसारखा भाग दिला.

मग इनटेक उघडला. या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरच्या आत फवारलं जातं. त्यामुळे हवा आत सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या पाठीवरून पेट्रोल कधी वाहतच नाही, ते धुतले जात नाहीत, आणि क्रँककेसमधून येणारी तेलाची वाफ तिथे जळून बसते. वर्षानुवर्षांचा काळा, खरबरीत थर. वडिलांनी स्क्रू-ड्रायव्हरने खरवडला तर खपली निघाली. त्यावर उपाय अक्रोडाच्या टरफलांचा भुसा हवेच्या दाबाने मारण्याचा. धातूला ओरखडा नाही, कार्बन मात्र सुटतो. एक कॉइलही अधूनमधून मिसिंग मारत होती. कॉइल आणि चारही प्लग बदलले, सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घेतलं. चारही आकडे एकमेकांना धरून होते.

भाचा: मामा, गाडी वेगळीच झाली. काटईच्या चढावर आता कोणी टाटा करत नाही.

मामा: मॅप न मारता.

भाचा: हो, पण आता इंजिन निरोगी आहे. मॅप मारायचा तर आत्ताच मारायचा. फाटक्या पडद्यावर मारला असता तर तो चुकीचा ठरला असता, हे कबूल.

हे भाच्याचं म्हणणं खोडून काढण्यासारखं नाही. गॅरेजातली जाणती माणसंही हेच सांगतात: आजारी इंजिनावर मॅप मारू नका. म्हणजे निरोगी इंजिनावर मारायला हरकत नाही, असा अर्थ त्याने काढला. वडिलांनी हरकती काढल्याच, पण आता त्या गिअरबॉक्सच्या नव्हत्या.

मामा: एप्रिल-मेमध्ये बदलापूरला पारा बेचाळीसवर जातो. पंचवीस अंशांची हवा बेचाळीसला गेली की पाचेक टक्के विरळ होते. टर्बो ती तूट भरून काढायला आणखी फिरतो, हवा आणखी तापते, इंजिन ठोका मारू नये म्हणून कॉम्प्युटर ठिणगी मागे घेतो. तुझा २०० चा आकडा कुठल्या महिन्यातला?

भाचा: ताकद मोजायच्या डायनोवर मोठा पंखा लावून घेतलेला असतो. मान्य. पण पेट्रोलची अडचण आता उलटी झालीय. ई-२० आलं, त्यात इथेनॉल, त्याने ऑक्टेन वाढतो, ठोक्याचा धोका कमी होतो. रीमॅपला ते सोयीचंच.

मामा: आणि लिटरमागे ऊर्जा सहा-सात टक्के कमी. शिवाय २०११ ची गाडी. तिच्या पेट्रोलच्या नळ्या आणि सील ई-२० साठी केलेलेच नाहीत. ताकद वाढवली की पंपाला जास्त पेट्रोल ओढावं लागणार, ते त्याच जुन्या नळ्यांतून.

भाचा: बदलतो नळ्या.

मामा: बदल. मी कुठे नको म्हणतोय?

उल्हासनगरच्या त्या माणसाने रीमॅपबरोबर उघडा एअर फिल्टरही सुचवला होता. बंपरच्या मागे खाली बसवायचा, म्हणजे थंड हवा मिळते. यावर मात्र वडील चिडले, आणि मी त्यांच्या बाजूची आहे. उल्हास नदी काय करते हे बदलापूरच्या माणसाला सांगायला नको. २६ जुलै २००५ चा पूर आहेच. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मधे पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवासी बोटींतून काढावे लागले. त्याच दिवशी रमेशवाडी, हेंद्रेपाड्याच्या सोसायट्यांतल्या गाड्या छपरापर्यंत बुडाल्या. अशा गावात इंजिनाचं नाक बंपरखाली नेऊन ठेवायचं! हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. घोटभर पाणी सिलिंडरमध्ये गेलं तरी कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी घ्यायच्या वेळीच वडिलांनी सगळे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिले होते. पुरातली गाडी कितीही धुतली तरी पट्ट्याच्या आतल्या टोकाला मातीची रेघ राहते. इथली जुनी गाडी घेणाऱ्याने हे पाहिल्याशिवाय टोकन देऊ नये.

भाचा: फिल्टर नको. ठरलं. पण नुसती फाईल बदलायला काय हरकत? बाहेरून काहीच दिसत नाही.

मामा: दिसत नाही म्हणून चालतं, असं कुठल्या कायद्यात आहे? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाच. ९ जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानेही सांगितलं, कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत असा बदल करता येणार नाही. आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने १८२-अ नव्या रूपात आलं. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार दंड, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

भाचा: कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलाबद्दल आहे. आरसीच्या कार्डावर १७९८ सीसी लिहिलंय, मॅप मारल्यावरही १७९८ च राहणार. रंग तोच, सीट तेवढ्याच. पीयूसीत तर गाडी उभीच असते, तिथे मॅपचा पत्ताही लागत नाही.

मामा: पीयूसीवाल्याला नाही लागत. विमा कंपनीच्या सर्व्हेअरला लागला तर? उद्या काही झालं, त्याने ईसीयू वाचला, आणि तू त्यांना काही कळवलेलं नाहीस. तिथे सीसी दाखवून उपयोग नाही.

यावर भाच्याकडे उत्तर नव्हतं. पण कायद्याच्या भीतीने तो मागे हटला असं म्हणणं खोटं ठरेल. त्याला अडवलं तारखेने. २०२६ मध्ये गाडीला पंधरा वर्षं पूर्ण. खाजगी गाडीची नोंदणी तेवढ्याच मुदतीची असते. पुढच्या पाच वर्षांसाठी कल्याणच्या आरटीओत गाडी दाखवायची, तपासणी करून घ्यायची, पर्यावरण कर भरायचा. त्याच्या तोंडावर इंजिनाशी खेळ नको, एवढा व्यवहार त्यालाही कळतो.

भाचा: पासिंग होऊ दे. मग मॅप. आणि २५० च्या वर टॉर्क जाणार नाही असाच मारून घेणार, फरक कळो न कळो.

मामा: मार. पण तोवर टायर बघ. कडेवर चार आकडे असतात, वाचलेस?

भाचा: ३११६.

मामा: २०१६ चा एकतिसावा आठवडा.

भाचा: नक्षी आहे की अजून भरपूर.

मामा: नक्षी आहे, रबर कडक झालंय. बाजूच्या बारीक भेगा पाहिल्यास? १९६ पीएस रस्त्यावर टेकणार ते या चार तळव्यांवर, आणि ब्रेक मारलास की थांबणारही यांच्यावरच. वेग दीडपट झाला की थांबवायची ऊर्जा सव्वादोनपट होते, तुला सूत्र सांगायला नको.

आतेभावाने मॅपसाठी बाजूला ठेवलेले पैसे मोजले. चार टायर, पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल त्यात बसत होतं, थोडे कमी पडत होते. कमी पडलेले वडिलांनी दिले. बदल्यात फाटलेला तो रबरी पडदा मागून घेतला.